तिसरा खण

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
अंगातून भट्टीसारखी झळ उठली
आणि मी पांघरूण लाथाडलं.
बाहेर उणे सत्तावीस.
फेब्रुवारीत, थंडर बेमध्ये,
घामाने भिजलेली बहुधा मी एकटीच.

रायमो घोरत होता. घोरू दे.
कागदाची गिरणी बंद पडून सोळा महिने झाले,
तेव्हापासून एवढं एकच काम
तो वेळेवर करतो.

दिवसा मी शाळेच्या एकेचाळीस बसगाड्या
रेडिओवरून हाकते.
हिमवादळातही कुठली गाडी कुठल्या वळणावर
हे मला तोंडपाठ.
कॅलगरीला गेलेला एरो ह्या घटकेला कुठे असेल,
विचारू नका.

तर, मी स्वयंपाकघरातला तिसरा खण ओढला
आणि टेबलावर पालथा केला.
पहिल्यात चमचे, दुसऱ्यात सुऱ्या,
तिसऱ्यात बाकीचा संसार.

सुतळीची गुंतवळ.
एकदाच फुंकलेल्या मेणबत्त्या.
दंतवैद्याचं कार्ड, तारीख गेल्या मार्चमधली.
चौकोनी बॅटऱ्या मी जिभेला लावून पाहिल्या,
लहानपणी बाबा पाहायचे तशा:
झिणझिणली ती जिवंत,
नाही ती केराच्या पिशवीत.
माणसांचंही असं पटकन कळतं तर!
आगपेटीत एरोचा दुधाचा दात.
तो कशात घालावा, सुचेना.
परत आगपेटीतच ठेवला.

आणि सात किल्ल्या. कुलूप एकीचंही नाही.

पाच वाजेपर्यंत मी चिठ्ठ्या चिकटवत बसले.
एरोच्या शाळेच्या बायका चिकटवतात तशा, सुबक अक्षरात.
सहांवर नुसतं प्रश्नचिन्ह.
सातवीवर, खात्रीने: "आईचं घर".
ते विकून चार वर्षं झाली,
तरी ते अक्षर लिहिताना छातीतली धडधड
जराशी खाली बसली, खरंच.
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी
पिवळा दिवा फिरवत गेली.
मी खण मिटला. पहिल्यांदाच अडकला नाही.

रविवारी आईकडे गेले.
ती आता इंग्रजी विसरलीय.
नेहमीचंच फिनिशमध्ये विचारलं:
"दार लावलंस ना?"
चार वर्षं मी नुसतं हो म्हणत आले.
ह्या वेळी कोटाच्या खिशातून किल्ली काढून
तिच्या तळव्यावर ठेवली.

तिने ती खिडकीच्या उजेडात धरली,
चिठ्ठीकडे बघितलंही नाही.
"ही सौनाची," म्हणाली.
"घराचीचं डोकं गोल होतं.
तुला कधीच काही नीट ठेवता आलं नाही, इर्या."

माझं नाव!
दिवाळखोर मेंदूच्या कुठल्या कप्प्यातून
तिने ते अचूक काढलं, देव जाणे.
पुढच्याच मिनिटाला मला नर्स समजून
तिने पाणी मागितलं.

घरी येऊन मी "आईचं घर" खोडलं, "सौना" लिहिलं.
सौना तर नव्या मालकाने पाडलीसुद्धा.
रायमो तिसरा खण उघडून उभा होता,
लूट झालेल्या दुकानदारासारखा.
"कात्री कुठाय?"
"पहिल्यात."
"इथे हाताला लागायची."
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तो खुर्ची ओढून बसला.
प्रश्नचिन्हांच्या किल्ल्या
एकेक करून दिव्याखाली फिरवू लागला,
कागदाची जाडी तपासायचा
तशीच अंगठ्याने.
चौथीवर थांबला.
"गिरणीतला माझा लॉकर."

मी पेन उचललं.
"चिठ्ठी नको," म्हणाला,
"ही मला ठाऊक आहे,"
आणि शर्टाच्या खिशात टाकली.

उरल्या पाच.